उम्म मुफर्रेहची दुआ

आसावरीला कुठेही जायचं नव्हतं. शुक्रवारी जेवताना तिनं तसं स्पष्ट सांगितलं. श्यामकांतनं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि शनिवारी सकाळी थर्मासात चहा भरून, गाडीची काच पुसून हा गृहस्थ दारात हजर. या माणसाचं हे असंच. वाद घालायचा नाही, ऐकायचं सगळ्यांचं आणि करायचं मनाचं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही आसावरीला यावर उतारा सापडला नव्हता.

"अहो, घरात ढीगभर कामं पडलीत."

"पडू देत. पडलेली कामं पळून जात नाहीत. चल, तळं बघून येऊ. सतरा वर्षं सौदीत, या खमीस मुशैतमध्ये काढली आणि आपण बघितलं काय, तर हॉस्पिटल, सुपरमार्केट आणि विमानतळ. काखेत कळसा म्हणतात तो हाच."

ती गाडीत बसली ती केवळ बोलायचा कंटाळा आला म्हणून. हल्ली तिला सगळ्याचाच कंटाळा यायचा, आणि त्याचं कारण दोघांनाही माहीत होतं.

आसावरी भूलतज्ज्ञ. हा धंदाच अजब. पेशंट सर्जनचं नाव जन्मभर घेतो, पाहुण्यांना टाके उघडून दाखवतो. पण भूल देणारीचा चेहरा त्याला आठवत नाही. आसावरीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट पेशंट विसरला म्हणजे काम चोख झालं, असं ती नव्या मुलांना सांगायची. पण दीड महिन्यापूर्वी एक बाळंतीण आली, घाईची. आसावरीनं तिला भूल दिली, बाळ निघालं, रडलं, आणि त्या रडण्यातच आईचं हृदय थांबलं. गर्भजल रक्तात शिरलं होतं. हे कुणाला आधी कळत नाही, कुणाच्या हातातही नसतं. चौकशी समितीनं तसं लिहून दिलं, सर्जननं पाठीवर हात ठेवला, सगळ्यांनी समजूत काढली. बाळ सुखरूप घरी गेलं.

आठवड्यानं आसावरी पुन्हा थिएटरमध्ये उभी राहिली. साधं हर्नियाचं ऑपरेशन. टेबलावर एक पोरगेला फौजी तिच्याकडे बघत पडला होता. औषध भरलेली सिरिंज हातात, आणि पुढे काही होईना. तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं आणि बाहेर येऊन बाकावर बसली. तेव्हापासून ती रजेवर होती.

करार संपत आला होता. पुढचा करायचा की नाही, हे तिला उद्या, रविवारी सांगायचं होतं. आपल्याकडे रविवारी लोक लोळतात. इथे आठवडा रविवारी कामाला लागतो. 'नाही' म्हटलं की खलास. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, सामान बांधा, रत्नागिरी गाठा. तिचं 'नाही' ठरलं होतं. आणि हे 'नाही' नुसतं सौदीला नव्हतं. रत्नागिरीत गेल्यावरही ती कुणाच्या उशाशी उभी राहणार नव्हती. हे काम ती कायमचं टाकणार होती. श्यामकांत त्याच हॉस्पिटलात मशीनं सांभाळायचा. तो "तू म्हणशील तसं" एवढंच म्हणाला होता. पण ते म्हणताना त्याचा चेहरा असा पडला होता, की आसावरीला तो दिवसभर आठवत राहिला.

गाव संपलं आणि रस्ता चढायला लागला. रत्नागिरीतले नातेवाईक अजूनही फोनवर "उंट दिसतात का गं?" असं विचारतात. त्यांना काय सांगणार, इथे रात्री दोन दुलया लागतात म्हणून. वळणावळणावर धुकं आडवं येत होतं. कठड्यावर माकडांचा अख्खा परिवार बसला होता. मोठ्या नराची आयाळ पांढरी आणि बसण्याची ऐट अशी, की रस्ता त्याच्याच मालकीचा. श्यामकांतनं गाडी हळू केली.

"हा आपल्या एचआरवाल्यासारखा नाही दिसत?"

आसावरी हसली नाही, पण ओठाचा कोपरा हलला. श्यामकांतनं तो टिपला आणि खूश होऊन गिअर टाकला.

आणि मग एका वळणाला धुकं सरलं. खाली तळं होतं.

धरणाचंच पाणी ते, पण डोंगरांनी असं ओंजळीत धरलेलं, की माणसानं अडवलंय हे पटेना. काठानं जवाच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, वर काळपट हिरवी झाडं, आणि पाण्याला धरून तीन-चार छोटी गावं. घरं मातीची, उंच, बुरुजासारखी. मातीच्या प्रत्येक थराबरोबर भिंतीतून पातळ दगडी फरशा बाहेर काढलेल्या, एकाखाली एक, ओळीनं. पाऊस या फरशांवरून ओघळून बाहेर पडतो आणि मातीला धक्का लागत नाही. पाण्यात या सगळ्याचं प्रतिबिंब पडलं होतं. श्यामकांतनं इंजिन बंद केलं. दोघं गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहिले. एरवी तोंडाला खळ नसलेला श्यामकांत नुसता बघत होता.

"हे इथेच होतं?" शेवटी आसावरी म्हणाली. "आपण रोज गहू-तांदूळ आणायला जातो, तिथून तासाभरावर?"

"इथेच होतं. आपणच नव्हतो."

तिला पहिल्यांदा वाटलं, की आलो ते बरं केलं. आणि लगेच वाटलं, आता जाताना बघून काय उपयोग.

पहिल्या गावात म्हाताऱ्यांचा घोळका फुलांचे मुकुटासारखे गजरे विणत बसला होता. हो, म्हातारे. इथे गजरे पुरुष घालतात, डोक्यावर, कानाच्या वरून गोल. पिवळी फुलं आणि मधे मधे आपल्या सब्जासारख्या वासाचा पाला. एकानं श्यामकांतला हाताला धरून खाली बसवलं, टकलावर गजरा चढवला आणि लांब होऊन पारखून बघितला. श्यामकांत तसाच उठला, पैसे दिले, आणि तो गजरा पुढे दिवसभर काढला नाही. आसावरी म्हणाली, "मुंडावळ्यांच्या वेळी एवढे खूश नव्हता." दुसऱ्या गावात एक माणूस ओल्या चामड्याच्या पट्ट्या गुंफून तलवारीची म्यान करत होता. त्याच्या शेजारी मधाच्या बरण्या, काळा मध, सोनेरी मध, आणि प्रत्येक मध कुठल्या झाडाचा, हे तो बोटावर घेऊन चाटवून सांगे. आसावरीनं किती दिवसांनी काहीतरी चवीनं खाल्लं.

तिसरं गाव पाण्याच्या अगदी लगत. तिथे एका भिंतीच्या सावलीत बायका ताडाच्या पात्यांच्या टोपल्या आणि रुंद काठाच्या टोप्या घेऊन बसल्या होत्या. अंगभर पांघरलेल्या, नुसते डोळे दिसणाऱ्या. त्यातली एक थोराड बाई टोपली विणत होती. बोटं चालत होती आणि डोळे रस्त्यावर. आसावरी तिच्यासमोर उकिडवी बसली.

आता, आसावरीची अरबी म्हणजे थिएटरमधली अरबी. 'कुठे दुखतं', 'तोंड उघड', 'खोल श्वास घे' हे ती झोपेतही म्हणेल. पण बाजारात ती अरबी लंगडी पडे. तरी तिनं हळू आवाजात, शब्द जोडत विचारलं, "मावशी, ही पाती इथलीच का? रंग कसा देता?"

बाईची बोटं थांबली. तिनं मान वर केली.

"पुन्हा बोल," ती म्हणाली.

आसावरीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. तिनं तेच पुन्हा विचारलं.

"हॉस्पिटलमध्ये असतेस तू? खमीसच्या मोठ्या?"

"होते," आसावरी म्हणाली. ते 'होते' तिच्या तोंडून आपसूक निघालं.

बाईनं पुढे काही विचारलं नाही. टोपल्यांवर चादर टाकली, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं, उठली आणि आसावरीचं मनगट धरलं. "यल्ला. घरी चल. कहवा घे."

ती गेलेली बाळंतीण इकडच्याच कुठल्यातरी गावची होती. फॉर्मवरचं गाव आसावरीनं मुद्दाम वाचलं नव्हतं. ही तिची आई असेल का? सासू? मनगटावरची पकड घट्ट होती. तिनं मागे वळून श्यामकांतकडे बघितलं, तर त्याला एका उंच तरुणानं आधीच खांद्यावर हात टाकून गप्पांत घेतलेलं. तो त्या बाईचा मुलगा, मुफर्रेह. त्याच्या नावानं सगळा गाव तिला उम्म मुफर्रेह म्हणे, म्हणजे मुफर्रेहची आई. श्यामकांतला पुरुषांच्या मजलिसीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत नेलं आणि आसावरीला मागच्या दारानं, अरुंद जिन्यानं वर. जिना चढताना तिच्या मनात एकच घोकणं चाललं होतं, की विचारलं तर खरं सांगायचं. पळायचं नाही.

वरचं दार उघडलं आणि आसावरीचं घोकणं बंद पडलं.

खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत रंगवलेली होती. चारही भिंती. खाली गुरांचा हिरवा चारा चोळून केलेला गार हिरवा पट्टा, त्याच्यावर काळ्या रेघांच्या आडव्या ओळी, आणि त्या ओळींच्या मधे लाल, पिवळे, निळे त्रिकोण, चौकटी, फण्या, ठिपके, एकमेकांत अडकवलेले. कुठे एक बोट जागा मोकळी नव्हती आणि तरी गर्दी वाटत नव्हती. खिडकीतून तळ्याचं ऊन आत येत होतं आणि त्या उजेडात भिंतींना श्वास असावा, असं तिला वाटलं. ती दारातच उभी राहिली. चपला काढायच्याही विसरली. मग आठवलं, घाईनं काढल्या, आणि पुन्हा उभी राहिली. कुठून बघायला सुरुवात करावी, हेच कळेना. देवळात गेल्यावर हात आपोआप जोडले जातात, तसे तिचे हात छातीशी आले.

"कुणी केलं हे?"

"आम्ही," उम्म मुफर्रेहनं तोंडावरचं वस्त्र काढत म्हटलं. चेहरा रापलेला, हनुवटीवर जुनं गोंदण, आणि हसताना एक दात नाही. "याला कत्त म्हणतात. माझ्या आईनं केलं, तिच्या आईनं केलं. दरवर्षी पुन्हा ताजं करायचं."

पलीकडच्या भिंतीशी ठेंगण्या स्टुलावर एक तरुणी बसली होती, दिवस भरत आलेली. काळ्या रेघांच्या आतले त्रिकोण लाल रंगानं भरायला ती ब्रश घेऊन आईची वाट बघत होती. ही शरीफा, उम्म मुफर्रेहची मुलगी. बाळाला बघायला पाहुणे येतील, त्याआधी भिंत ताजी हवी म्हणून माहेरी येऊन बसली होती.

"सगळ्यात मोठी जी, ती रेघ ओढते," उम्म मुफर्रेहनं कहवा ओतत सांगितलं. "आधी काही आखायचं नाही, मोजायचं नाही. सरळ ओढायची. मग बहिणी, लेकी, सुना, शेजारणी येतात आणि आत रंग भरतात. आमच्या घरात एकटी बाई भिंतीला हात लावत नाही. दुसरी आल्याशिवाय डबासुद्धा उघडायचा नाही."

"का?"

"का म्हणजे? एवढी मोठी भिंत. एकटीला भीती नाही वाटणार?"

आसावरीनं कहवा घेतला, खजूर खाल्ला. भीती थोडी मागे सरली होती, पण गेली नव्हती. हिनं आपल्याला का आणलं, ते अजून कळत नव्हतं. एवढ्यात शरीफा कळवळली. तिचा ब्रश पडला. पोटरीत गोळा आला होता; भरल्या दिवसांत येतो तसा, पण जबर. ती स्टुलावरून घसरत खाली बसली. आसावरी उठली, पण उम्म मुफर्रेह आधी पोचली. एका हातानं तिनं लेकीचा पाय ताणून धरला, दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवला, खाली वाकली, आणि संथ, हळू आवाजात म्हणाली:

"घाबरू नकोस. झोप आता. मी आहे इथे."

मराठीत.

उच्चार जड होते, 'झ'चा काहीतरी वेगळाच झाला होता, पण शब्द तेच. चढउतार तेच. 'इथे'वर थोडं थांबणंही तेच. आसावरीच्या अंगावर काटा आला तो पार मानेपर्यंत. परमुलखात, डोंगरातल्या एका मातीच्या घरात, हनुवटीवर गोंदण असलेली एक अरब बाई तिच्याच आवाजात तिचंच वाक्य म्हणत होती.

कारण ते आसावरीचं वाक्य होतं. पेशंटला भूल देताना शेवटच्या क्षणी तिची अरबी संपायची. नळ्या लावून झाल्या, नाव विचारून झालं, बिस्मिल्ला म्हणायला सांगून झालं, आणि मग त्या घाबऱ्या डोळ्यांकडे बघून जे बोलावंसं वाटे ते मराठीतच येई. लहानपणी ताप आला की आई कपाळावर हात ठेवून हेच म्हणायची. सतरा वर्षं तिनं हे प्रत्येकाला म्हटलं होतं. फौजींना, म्हाताऱ्यांना, पोराटोरांना. कुणाला कळतंय, कोण लक्षात ठेवतंय. पुढच्या श्वासाला तर ते झोपणार.

शरीफाची पोटरी सैल पडली. ती आईच्या मांडीवर डोकं टेकून हसली.

"हे..." आसावरी जवळ येऊन बसली. "हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"तुझ्याकडून," उम्म मुफर्रेह म्हणाली. "माझं पित्ताशय सडलं होतं. शरीफा तेव्हा एवढीशी होती. मला वाटलं, मी मरणार. टेबलावर मी थरथरत होते, सगळे आपापल्या कामात, कुणी माझ्याकडे बघेना. आणि मग डोक्यामागून एक बाई आली. तोंडाला मास्क, नुसते डोळे. तिनं इथे हात ठेवला आणि ही दुआ म्हटली. मी ती दुआ घेऊन झोपले आणि उठले तेव्हा ती तोंडातच होती. चेहरा माहीत नव्हता, म्हणून शोधलं नाही. आज बाजारात आवाज ऐकला."

"दुआ?"

"दुआच ती. तुमच्याकडची. आमच्याकडे आता सगळ्या म्हणतात. पोराला ताप आला की म्हणतात. माझ्या सुनेनं तिच्या बाळंतपणात म्हणून घेतली. शेळी अडली तेव्हा तिच्याही कानात म्हटली मी, अल्ला माफ करो. खालच्या गावातल्या बायकाही शिकून गेल्या." तिनं आसावरीचा हात हातात घेतला. "इतकी वर्षं विचारायचंय. त्या दुआचा अर्थ काय?"

आसावरी रडत होती. कधी सुरू झालं, तेही तिला कळलं नव्हतं. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि मनात आलं, आता खरं सांगितलं तर यांचा विरस होणार. मंत्र म्हणून जपलेली वस्तू, आणि निघाली काय, तर साधं घरगुती बोलणं. पण जिना चढताना तिनं जे घोकलं होतं, ते घोकलं होतं.

"ती दुआ नाही," ती म्हणाली. "साधं बोलणं आहे. माझ्या आईचं. घाबरू नकोस, झोप आता, मी आहे इथे. एवढाच अर्थ."

उम्म मुफर्रेहनं आसावरीनं अरबीत सांगितलेला तो अर्थ स्वतःशी एकदा पुटपुटून बघितला. मग ती जोरात हसली, तिचा तो पडलेला दात दाखवत.

"बघ शरीफा. म्हणजे आम्ही शेळीलासुद्धा बरोबरच सांगितलं."

आसावरीला हसू आलं आणि त्या हसण्यातूनच बांध फुटला. तिला ते मनात ठेवणं अशक्य झालं. या बायका तिला भलतंच काही समजत होत्या आणि ते तिला सहन होईना.

"मी तसली कुणी नाही," ती म्हणाली. मोडक्या अरबीत, शब्द शोधत. "दीड महिन्यापूर्वी एक बाई आली. बाळंतीण. तिलाही मी हेच म्हटलं. झोप आता, मी आहे इथे. आणि ती उठलीच नाही. बाळ आहे, ती नाही. तेव्हापासून हे माझ्या तोंडून येत नाही. काय म्हणून सांगू कुणाला, मी आहे म्हणून? मी असून काय झालं? मी काम सोडतेय. उद्या सांगणार आहे."

बोलून गेली आणि तिला भान आलं, की समोर नवव्या महिन्याची पोर बसली आहे. उम्म मुफर्रेहचा चेहरा झटकन बदलला. "अगं बाई, पोटुशीसमोर असलं बोलतात का?" ती चक्क खेकसली. "डॉक्टर ना तू? एवढं कळत नाही?" तिनं लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं, या वेळी अस्सल अरबीत. आसावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सतरा वर्षांच्या नोकरीत तिनं पेशंटसमोर कधी जीभ सैल सोडली नव्हती.

पण शरीफा आईचा हात बाजूला करून उठून बसली होती. ती आसावरीकडे टक लावून बघत होती.

"ती बाई," तिनं विचारलं, "एकटी होती का?"

"म्हणजे?"

"ती गेली तेव्हा. एकटी होती?"

आसावरीला ते थिएटर दिसलं. सगळ्यांची धावपळ, मॉनिटरचा आवाज, छातीवर दाब देणारे हात आळीपाळीनं बदलत होते. आणि ती स्वतः, डोक्याशी. ती हलली नव्हती. शेवटपर्यंत त्या बाईचं डोकं तिच्या दोन्ही तळहातांत होतं, आणि सगळं थांबल्यावरही बराच वेळ तिनं ते सोडलं नव्हतं. नर्सनं येऊन तिचे हात सोडवले होते. गेल्या दीड महिन्यात तिनं त्या संध्याकाळचा कण न् कण उकरला होता, औषधाचा प्रत्येक थेंब तपासला होता. पण हे तिला आठवलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "एकटी नव्हती. मी होते."

"मग तू तिला खोटं काय सांगितलंस?" शरीफा म्हणाली.

हे ती समजूत घालायला म्हणाली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण तो प्रश्न आता तिचा होता. समितीनं, सर्जननं, श्यामकांतनं तिला शंभर वेळा सांगितलं होतं, की तुझी चूक नाही. त्यातलं एकही वाक्य तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि या पोरीनं विचारलेलं आत जाऊन बसलं. तिनं कुणालाही उठवायचं वचन दिलं नव्हतं. ते कुणाच्या हातातच नव्हतं. तिनं जे वचन दिलं होतं, ते मात्र पाळलं होतं, त्या संध्याकाळीसुद्धा. भिंतीवरचे लाल, पिवळे त्रिकोण तिच्या डोळ्यांतल्या पाण्यात एकमेकांत मिसळले.

"माझं मंगळवारी आहे," शरीफा म्हणाली. "पहिलं सिझर होतं, म्हणून याही वेळी कापणार. तुमच्याच हॉस्पिटलात. पहिल्या वेळी एक पुरुष होता, फोनवर बोलत होता." ती थांबली. "मला फार भीती वाटते. तू असशील?"

मघाशी खेकसणारी उम्म मुफर्रेह आता आसावरीकडे अशी बघत होती, की जणू तिचं सगळं त्या उत्तरावर टांगलं होतं.

आसावरीनं ताबडतोब 'हो' म्हटलं नाही. धीर द्यायला म्हटलेला 'हो' तिला नको होता. ती उठली, खिडकीशी गेली. खाली तळं होतं, तसंच. मग ती परत आली, शरीफासमोर जमिनीवर बसली आणि नेहमीच्या, कामाच्या आवाजात बोलू लागली.

"तुला झोपवणार नाही. कमरेत सुई देईन. कमरेखाली काही कळणार नाही, पण तू जागी असशील. बाळ रडेल ते तुला ऐकू येईल. मधे थंडी वाजेल, ओढल्यासारखं वाटेल, त्याला घाबरायचं नाही. काहीही वाटलं तरी मला सांगायचं. मी डोक्याशीच असेन."

शरीफानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग जरा विचार करून म्हणाली, "मग तू मला 'झोप' म्हणणार नाहीस. अर्धंच म्हणशील."

"हो," आसावरी म्हणाली. "शेवटचं तेवढं म्हणेन."

उम्म मुफर्रेह उठली. रंगाचा डबा तिनं उघडून लेकीपुढे सरकवला आणि दुसरा ब्रश आसावरीच्या हातात दिला. विचारलं वगैरे नाही. दोघींनी शेजारी बसून उरलेले त्रिकोण भरले. आसावरीच्या एका त्रिकोणाचा रंग बाहेर गेला. उम्म मुफर्रेहनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि बोटानं पुसून टाकला. दुपार कधी कलली, ते कुणालाही कळलं नाही.

खाली श्यामकांत जिन्याशी वाट बघत होता. डोक्यावर गजरा, हातात मधाची बरणी, आणि तोंड सुरूच. "अगं, काय जेवलो म्हणून सांगू. पोळी कुस्करून तुपात, मधात मळलेली. आपला मलिदाच. वर तो मुफर्रेह मला घास भरवतोय. मी म्हटलं बास, तर तो ऐकेना. तीन वेळा नको म्हटलं तरी इथे नको धरत नाहीत. तू काय केलंस इतका वेळ? बोटांना लाल काय लागलंय?"

आसावरी गाडीत बसली. गाडी तळ्याच्या काठानं निघाली. तो आपला म्यान विणणाऱ्या माणसाबद्दल, तलवारीबद्दल, घर बांधायच्या फरशांबद्दल बोलत राहिला. तिचं गप्प बसणं त्याला सवयीचं झालं होतं, आणि त्या शांततेत तिला एकटं सोडायचं नाही, म्हणून तो गेला दीड महिना असाच बोलत होता. हे आसावरीच्या आज लक्षात आलं.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"उद्या सकाळी मला तुमच्याबरोबर हॉस्पिटलात न्या. करारावर सही करायचीय. आणि मंगळवारी माझी एक केस आहे."

श्यामकांतनं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत बसला, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. ते त्यानं पुसलं नाही, लपवलंही नाही. आसावरीनं त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि त्याचं बोलणं सुरू होईपर्यंत तशीच बसून राहिली.